पुन्हा त्या दारात

लातूर,
रविवार, पहाटे

चि. सईस,


तुझा मेल गुरुवारी रात्री आला. मी तो दोनदा वाचला आणि सकाळी चहाच्या वेळी तुझ्या बाबाला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. कप तसाच ठेवून उठला आणि कुंड्यांना पाणी घालायला लागला, आदल्या संध्याकाळीच घातलं होतं तरी. बापाचा जीव आहे, त्याला थोडा वेळ दे. माझ्याकडे तेवढा धीर नाही, म्हणून घरातले सगळे झोपलेले असताना लिहायला बसले आहे.

तू म्हणतेस, नोकरी सोडायची, कुठल्याही वाहिनीचा बिल्ला गळ्यात घालायचा नाही, आणि जिथं युद्ध चाललंय किंवा जिथं हवापाण्याचं गणित बिघडून माणसं देशोधडीला लागताहेत तिथं जाऊन लिहायचं. खाली डार जमाइलचं नाव घेऊन लिहिलंस, ‘आत्या, या माणसासारखं.’ आणि मग दोन प्रश्न विचारलेस : यावर पोट भरतं का, आणि हे मनाला झेपतं का. दुसरा प्रश्न तू विचारलास म्हणूनच मला वाटतं की तू नीट विचार केला आहेस. माझ्या वेळी आम्ही तो विचारलाच नाही.

जमाइलची पुस्तकं मी तीन वर्षांपूर्वी वाचली, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर. त्याच्याबद्दल तुला काही गोष्टी ठाऊक असतील, पण मी माझ्या पद्धतीनं सांगते, कारण तुझ्या पत्रात तो जरा पोस्टरवरच्या वीरासारखा आला आहे. तो लेबनीज मुळाचा, टेक्ससमध्ये वाढलेला अमेरिकन. डोंगरांच्या ओढीनं अलास्कात जाऊन राहिलेला. देनाली या ६,१९० मीटर उंचीच्या शिखरावर अडकलेल्या गिर्यारोहकांना सोडवणाऱ्या पथकात तो स्वयंसेवक होता. मार्च २००३मध्ये अमेरिकेनं इराकवर हल्ला केला तेव्हा तो कुठल्याही मोठ्या वर्तमानपत्राचा बातमीदार नव्हता. घरी बसून बातम्या पाहत होता आणि त्याला कळत होतं की सरकार जे सांगतंय तेच पडद्यावर उमटतंय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गाठीशी होतं ते घेऊन तो जॉर्डनमधल्या अम्मानला गेला आणि तिथून गाडीनं बगदादला. सुरुवातीला तो जे पाही ते ओळखीच्या लोकांना ईमेलनं लिहून कळवी. त्यांनी ते पुढं पाठवलं, आणि हळूहळू त्याला वाचक मिळाले.

त्या युद्धात अमेरिकी लष्करानं सहाशेच्या वर पत्रकारांना आपल्या तुकड्यांसोबत नेलं होतं. त्यांना ‘एम्बेडेड’ म्हणत. खाणं तुकडीचं, गाडी तुकडीची, जीव वाचवणारेही तुकडीतलेच. त्यांच्यात चांगले पत्रकार होते, काहींनी जिवावर उदार होऊन लिहिलं, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण चिलखती गाडीच्या खिडकीतून रस्त्यावरचा माणूस जसा दिसतो तसाच तो त्यांच्या बातमीत आला. जमाइल त्या गाडीत बसला नाही. पहिल्या दोन वर्षांत सगळे मिळून त्यानं इराकमध्ये सुमारे आठ महिने काढले, इराकी दुभाष्यासोबत, साध्या गाडीतून फिरत.

गाडीचं मला तुला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण मी स्वतः एकदा चुकीच्या गाडीत बसले होते.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं जड छत, उन्हाळ्यात गार राहणारं. तेच अंगावर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा एका दैनिकाची वार्ताहर होते, कॉलम सेंटिमीटरवर मानधन घेणारी. तिसऱ्या दिवशी मला सरकारी जीपमध्ये जागा मिळाली. पाऊस लागला होता, एसटी बंद, दुसरं साधन नव्हतं, आणि खरं सांगते, जीपमध्ये बसायला मिळालं याचा मला अभिमान वाटला. जीप जिथं थांबली तिथं मी उतरले. तंबू किती, ब्लँकेटं किती, धान्याची पोती किती, हे अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. रात्री लातूरला येऊन फॅक्स केला. बातमीतला एकही आकडा चुकीचा नव्हता. चार दिवसांनी दुसऱ्या एका दैनिकात त्याच गावाची बातमी आली. लिहिणारा बातमीदार मोटारसायकल चिखलात सोडून चालत आत गेला होता. आम्ही जिथं उतरलो होतो तिथून दोन आळ्या पलीकडे, त्या दिवशीही, लोक हातांनी दगड उपसत होते, कारण तिथवर ना यंत्र पोहोचलं होतं ना जवान. मी तिथून हाकेच्या अंतरावर उभी राहून ब्लँकेटं मोजली होती.

म्हणून जमाइलच्या पुस्तकात इराकमधल्या फलुजा शहराबद्दल वाचताना माझ्या पोटात कालवलं. ३१ मार्च २००४ला फलुजात ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीच्या चार माणसांना ठार करून त्यांतल्या दोघांचे मृतदेह पुलावर टांगले गेले. त्यानंतर अमेरिकी मरीन सैनिकांनी शहराला वेढा घातला. जमाइल एप्रिलमध्ये मदतसाहित्य नेणाऱ्या बसमधून आत गेला आणि एका छोट्या दवाखान्यात पोहोचला. मोठ्या इस्पितळापर्यंत जाणं धोक्याचं झालं होतं, म्हणून जखमींना अशा दवाखान्यांत आणत होते. त्यानं काय केलं, तर तिथंच उभं राहून आत येणारा माणूस पाहिला आणि लिहिला : बाई आहे की मूल, गोळी कुठं लागली, सोबत कोण आहे, ते काय सांगतात. त्याच दिवसांत तिथं गेलेल्या जो वाइल्डिंग या ब्रिटिश तरुणीनं लिहून ठेवलंय की रक्ताच्या पिशव्या थंड पेयांच्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या आणि वापरायच्या आधी संडासातल्या नळाच्या गरम पाण्याखाली धरून कोमट करत होते. सई, वेढा म्हणजे काय हे या एका वाक्यानं मला जेवढं समजलं तेवढं कुठल्या नकाशानं समजलं नव्हतं.

नंतर ‘इराक बॉडी काउंट’ या नोंदी ठेवणाऱ्या गटानं शेकडो बातम्या ताडून पाहिल्या. एप्रिलच्या त्या वेढ्यात गेलेल्या सुमारे आठशे माणसांपैकी ५७२ ते ६१६ नागरिक होते, आणि त्यांत तीनशेहून जास्त बायका आणि मुलं, असा त्यांचा हिशेब आहे. हा हिशेब मांडता आला कारण दवाखान्यांच्या दारात कुणीतरी उभं होतं. नोव्हेंबरमध्ये दुसरा हल्ला झाला तेव्हा सगळ्यात आधी फलुजाचं मोठं इस्पितळ ताब्यात घेतलं गेलं. मृतांचे आकडे तिथूनच बाहेर पडत होते. त्या हल्ल्यात पांढऱ्या फॉस्फरसचा माणसांवर मारा झाला नाही असं अमेरिकेनं आधी सांगितलं, आणि नोव्हेंबर २००५मध्ये तो लढवय्यांविरुद्ध शस्त्र म्हणून वापरल्याचं मान्य केलं. वर्षभर इराकी लोक जे सांगत होते ते तोवर ‘आरोप’ या शब्दाखाली छापलं जात होतं.

अजून एक गोष्ट तुझ्या वहीत लिहून ठेव. जानेवारी २००४मध्ये जमाइलनं एका घरी जाऊन कोमात पडलेला माणूस पाहिला. अमेरिकी सैन्यानं त्याला धरून नेलं होतं आणि महिनाभरानं बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात आणून सोडलं होतं. सोबतच्या कागदावर उष्माघात आणि हृदयविकार असं कारण होतं. जमाइलनं त्याचे तळपाय पाहिले. तळपायांवर भाजल्याच्या खुणा होत्या. कागद वाचून तो उठला असता तर बातमी तिथंच मेली असती. अबू घरेब तुरुंगातली छायाचित्रं एप्रिलच्या अखेरीस टीव्हीवर आली, तेव्हा कुठं जगाला कैद्यांच्या छळाबद्दल वाचावंसं वाटलं. आधी तीन महिने ते पाय त्या घरात तसेच होते. स्वतंत्र बातमीदाराच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा येतं : तू बरोबर असतेस, आणि कुणी ऐकत नाही. याची तयारी ठेव. यानं माणूस कडवट होतो, आणि कडवट माणसाची वाक्यं बिघडतात.

पोटापाण्याचं आता सांगते, थोडक्यात, कारण त्यात फार रस नाही आणि लपवण्यासारखंही काही नाही. जमाइलला सुरुवातीला वाचकांनी पैसे दिले. पुढं त्यानं अल जझीरासाठी दोहात काम केलं, ‘ट्रुथआउट’साठी नियमित लिहिलं, पुस्तकं लिहिली, व्याख्यानं दिली. म्हणजे स्वतंत्र याचा अर्थ एकटा असा घेऊ नकोस. पगार देणाराच सांगेल तिकडे बघायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुला संपादक लागेल, आणि कडक लागेल. तुझ्या बातमीतला आकडा कुठून आला असं रात्री अकरा वाजता फोन करून विचारणारा कुणी नसेल, तर दोन वर्षांत तू स्वतःचंच म्हणणं खरं मानायला लागशील. पहिली दोन वर्षं भाषांतरं कर, शिकवण्या घे, लग्नाचे व्हिडिओ काढ, त्यात कमीपणा नाही. पण ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याकडून दहा रुपयांचा चहासुद्धा हिशेबात धरून पी.

आणि जायच्या आधी रक्त थांबवायला शिक. ‘त्यात काय’ म्हणशील. टिम हेदरिंग्टन हा नावाजलेला छायाचित्रकार २० एप्रिल २०११ला लिबियातल्या मिस्राता शहरात तोफगोळ्याच्या माऱ्यात जखमी झाला आणि इस्पितळात पोहोचेपर्यंत रक्त वाहून गेला. मांडीची रक्तवाहिनी तुटली होती. सोबतच्या कुणाला नेमकं काय करायचं ते माहीत असतं तर कदाचित वेळ मिळाला असता, या हळहळीतून त्याच्या मित्रानं, सेबास्टियन युंगरनं, स्वतंत्र पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी ‘रिस्क’ ही संस्था काढली. मोठ्या वृत्तसंस्थेच्या माणसामागे विमा असतो, डॉक्टर असतो, विमान पाठवणारं ऑफिस असतं. तुझ्यामागे आम्ही आहोत, आणि आम्ही लातुरात आहोत. तेव्हा रक्त थांबवणारी पट्टी, म्हणजे टूर्निकेट, कशी बांधायची ते आधी शिक, कॅमेऱ्याची लेन्स नंतर घे. तुझ्या बाबाला यातली एकच गोष्ट सांगितलीस तरी त्याचा अर्धा घोर कमी होईल.

दुभाष्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. ते मला खटकलं. जमाइलच्या लिखाणात अबू तलत या नावानं जो माणूस येतो, त्याच्याशिवाय तो बगदादच्या एका गल्लीतही शिरला नसता. कुठल्या रस्त्यानं जायचं नाही, कुणासमोर इंग्रजी बोलायचं नाही, कुठल्या घरात दुःख चालू आहे आणि आज प्रश्न विचारायचे नाहीत, हे अशा माणसालाच कळतं. जमाइल विमानात बसून परत जाऊ शकत होता. दुभाष्याचं घर तिथंच होतं, मुलं तिथंच शाळेत जात होती, आणि परदेश्यासोबत फिरतो एवढ्या कारणावरून कुणी त्याला गाठू शकलं असतं. त्या युद्धात मारल्या गेलेल्या पत्रकारांत बहुसंख्य इराकीच होते. लेखाखाली एक नाव येतं, पण ते काम दोघांचं असतं. माझ्यासाठी हे काम आपल्याकडच्या एका एसटी कंडक्टरनं वर्षानुवर्षं केलं. कुठल्या वाडीत काय झालं ते मला त्यानं सांगायचं. त्याचं नाव मी एकदाही छापलं नाही.

२००८ साली जमाइलला मार्था गेलहॉर्न पुरस्कार मिळाला. गेलहॉर्न म्हणजे ती बाई, जी १९४४मध्ये परवाना नाकारला गेल्यावर इस्पितळाच्या जहाजात लपून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहोचली. तो पुरस्कार त्या वर्षी दोघांत विभागून होता. दुसरा मोहम्मद ओमर, गाझातल्या रफाहचा, वय २४. लंडनहून पुरस्कार घेऊन घरी परतताना जॉर्डनच्या सीमेवरच्या नाक्यावर इस्रायली सुरक्षा अधिकाऱ्यांनी कपडे उतरवून मारहाण केल्याचं त्यानं सांगितलं. इस्रायलनं ते नाकारलं. एकच पुरस्कार मिळालेले दोघे. एकाला युद्ध पाहायला विमानानं जावं लागलं होतं आणि परतायला अलास्काचे डोंगर होते. दुसऱ्याचं घरच बातमीत होतं. तुझ्या पत्रातला वीर पहिला आहे. माझं मन मात्र दुसऱ्यापाशी जास्त रेंगाळतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. झेपतं का?

किल्लारीनंतर मला आठ महिने छताखाली झोप आली नाही. मी अंगणात बाज टाकून झोपायची. तुझे काका काही न विचारता शेजारी दुसरी बाज टाकायचे. डोळे मिटले की ओल्या मातीचा आणि चुन्याच्या निवळीचा वास यायचा. त्याला काही नाव असतं हे तेव्हा आमच्या कुणाच्या गावी नव्हतं. कामावर सांगावं तर ‘बाईमाणूस, दगदग झाली’ म्हणून मला पाककृतीच्या पानावर बसवतील, या धास्तीनं मी गप्प राहिले. जमाइलनं हे उघड लिहिलंय. इराकहून परतल्यावर तो सुन्न झाला होता, रागानं भरलेला होता, आपल्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक त्रास, झालाय हे त्यानं मान्य केलं, उपचार घेतले, आणि पुन्हा डोंगरात गेला. बर्फात चालत राहून माणसात आला. तूही लपवू नकोस. घरी फोन करून सांग की आज मला भीती वाटली. तुझ्या बाबाला ते ऐकणं जड जाईल, पण न ऐकणं त्याहून जड जाईल.

ज्या बर्फानं त्याला सावरलं तो बर्फच नाहीसा होत होता, हे त्याला मग दिसायला लागलं. युद्धाचा बातमीदार हवामानाचा बातमीदार कसा झाला असं तू विचारलंस, तर मला वाटतं ते इथं झालं. मधली एक पायरी तेलाची होती. एप्रिल २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले, ८७ दिवस तेल समुद्रात येत राहिलं, आणि ते विखुरायला सुमारे ७० लाख लिटर रसायन ओतलं गेलं. जमाइल किनाऱ्यावरच्या मच्छीमारांकडे गेला, आजारी पडलेल्या सफाई कामगारांकडे गेला. अधिकारी सांगत होते पाणी स्वच्छ आहे, आणि तो लोकांचे खोकले आणि अंगावरचे चट्टे लिहून घेत होता. कागद एक सांगतो आणि तळपाय दुसरंच, हे तो फलुजा आणि बगदादमध्ये शिकून आला होता.

२०१९मध्ये त्याचं ‘द एंड ऑफ आइस’ आलं. अलास्कातल्या हिमनद्या, ऑस्ट्रेलियातले पांढरे पडलेले प्रवाळ, फ्लोरिडाचा बुडत चाललेला किनारा, अ‍ॅमेझॉनचं जंगल, सगळीकडे तो स्वतः गेला आणि तिथं आयुष्य घातलेल्या शास्त्रज्ञांसोबत चालला. त्या पुस्तकामुळे मी ज्या एका गोष्टीच्या मागे लागले ती अगदी साधी आहे. अलास्कात गुल्काना नावाची हिमनदी आहे. १९६६पासून अमेरिकेचे भूवैज्ञानिक दर वर्षी वसंतात आणि शरदात तिथं जातात. बर्फात भोक पाडून खांब रोवलेला असतो. मागच्या खेपेला तो जितका बाहेर होता त्यापेक्षा आता किती जास्त उघडा पडलाय, ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. झालं. पुढच्या वर्षी पुन्हा. माणसं निवृत्त होतात, नवी येतात, मोजणं चालू राहतं. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कातही असंच : १९६६मध्ये ३५ नाव दिलेल्या हिमनद्या होत्या, २०१५च्या मोजणीत हिमनदी म्हणण्याइतक्या मोठ्या २६ उरल्या. कुठं स्फोट नाही, किंकाळी नाही. पन्नास वर्षं कुणी परत परत गेलं म्हणून ही बातमी आहे. एकदाच जाणाऱ्याला तिथं सुंदर पांढरा डोंगर दिसला असता आणि त्यानं फोटो काढला असता.

आपल्याकडचं उदाहरण देते, म्हणजे ते तुला अलास्काइतकं लांब वाटणार नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. मंडळात गावं अनेक, आणि पर्जन्यमापक एका ठिकाणी. मापकापाशी ५८ भरला आणि आठ किलोमीटरवरच्या शिवारात ढग फुटून सोयाबीन वाहून गेलं, तर कागदावर अतिवृष्टी नाही. शेतकरी तहसीलला खेटे घालतो. हीही हवामानाचीच बातमी आहे, सई, आणि ती कुठल्या परिषदेत सापडत नाही. त्या मापकाच्या कुंपणापाशी जाऊन उभं राहावं लागतं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा.

जमाइलशी माझं एका ठिकाणी पटत नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे तो म्हणतो की आता आशा सोडून द्यावी, आणि मरणाला टेकलेल्या जिवलगाच्या उशाशी बसावं तसं पृथ्वीच्या उशाशी बसावं, प्रेमानं, काहीही न लपवता. मी तुझ्या आजीच्या उशाशी सव्वा वर्ष बसले. तो काय म्हणतो ते मला आतून समजतं, आणि तो ते खोटं बोलून म्हणत नाही, किंमत देऊन म्हणतोय. पण मृगाचा पाऊस दगा देतो, पेरलेलं करपतं, आणि आपला शेतकरी उसनवारी करून दुबार पेरणी करतो. त्याला विचार आशा आहे का. तो म्हणेल, वापसा आहे, जमीन पेरणीजोगी आहे. आशा धरणं किंवा सोडणं ही ज्याला सवड आहे त्याची गोष्ट असावी असं मला वाटतं. ज्याच्या दारात संकट आलंय तो सोमवारी काय करायचं ते बघतो. तू आशेबद्दल लिहू नकोस, निराशेबद्दलही नको. त्यानं सोमवारी काय केलं ते लिही.

आता मी तुझ्यापासून आजवर लपवलेली गोष्ट सांगते, आणि मग थांबते, कारण उजाडलं आहे.

१२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. देशभरातले कॅमेरे स्टेशनवर. मीही तिथंच होते, कारण सगळे तिथं होते. परतताना रिक्षावाल्यानं गर्दी टाळायला गाडी आतल्या गल्लीतून घातली. सकाळचे नऊ वाजले असतील. हातपंपापासून गल्लीच्या तोंडापर्यंत घागरींची रांग होती. माणूस एकही नाही, नुसत्या घागरी, प्लॅस्टिकच्या, पितळेच्या, आणि जिथं घागर नव्हती तिथं जागा धरायला दगड आणि चपला. प्रत्येकीवर खडूनं आकडा. एका ओट्यावर एक बाई त्या रांगेवर लक्ष ठेवत बसली होती, वही मांडीवर घेऊन. कोणाचा नंबर कधी येतो, पंपाला किती हापसे मारल्यावर पाणी येतं, ते ती लिहीत होती. मला तिनं वही दाखवली. मार्चात चाळीस हापशांना पाणी यायचं, आता एकशे दहा लागत होते. तारीखवार. शाळेच्या दोनरेघी वहीत.

मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं, गल्लीचा नकाशाही काढला, आणि उद्या येते म्हणाले. त्या रात्री मी रेल्वेची बातमी दिली. पहिल्या पानावर आली, सगळ्यांची आली. दुसऱ्या दिवशी एक मंत्री येणार होते. मग दुसरी रेल्वे, मग पन्नास वाघिणींची. मग पाऊस पडला. मी त्या गल्लीत परत गेले नाही. आपल्या घरापासून ती तीन किलोमीटरवर आहे.

गुल्कानाच्या खांबाबद्दल वाचलं तेव्हा मला त्या बाईची वही आठवली. तिनं जे केलं होतं ते तेच होतं.

तू दिवाळीला येशील तेव्हा नोकरीचा राजीनामा दिलेला असेल की नाही ते तू ठरव. माझी २०१६ची वही मी कपाटातून काढून तुझ्या टेबलावर ठेवली आहे, हिरव्या पुठ्ठ्याची. नकाशा सदतिसाव्या पानावर आहे. बाईचं नाव मी लिहून घेतलं नव्हतं, पण ओट्यासमोर कडुनिंब होता आणि दाराला निळा रंग. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ या. रिक्षानं नको, पायी जाऊ. माझे गुडघे तेवढं चालतील.

बाबा आता पुन्हा कुंड्यांना पाणी घालत असल्याचा आवाज येतोय. त्याला मी आज टूर्निकेटचं सांगते.

तुझी,
आत्या